केसांमधलं पाणी

नवा कायदा आला त्या हिवाळ्यापासून उत्पलाने केस कापणं बंद केलं.

तिच्यासारखे पुष्कळ जण होते. उत्तर महासंघातल्या स्कारविक या बंदराच्या शहरात खांद्यापर्यंत केस वाढवलेला पुरुष दिसला, की तो परदेशातून आलेला कुशल कामगार आहे आणि नागरिकत्वाच्या रांगेत आहे, असं खुशाल समजावं. न्हावीसुद्धा आधी विचारायचे, "अर्ज मंजूर झाला का?" आणि मगच कात्रीला हात लावायचे.

उत्पला डोंगरदिवे मूळची वाशीम जिल्ह्यातल्या सावरखुर्द गावची. पुलाच्या पोलादाला थकवा नेमका कुठे आला आहे, हे शोधण्यात तिचा हातखंडा होता. त्याच जोरावर ती आणि तिचा नवरा सुमेध अकरा वर्षांपूर्वी कुशल कामगारांच्या व्हिसावर इथे आले. मुलगी यशोधरा इथेच जन्मली. नऊ वर्षांच्या यशूला मराठी समजायचं, पण स्वप्नं पडायची ती इथल्या भाषेत.

पूर्वी नागरिकत्वासाठी पासपोर्टवरच्या नोंदी पुरत. मग घरबसल्या कामं करण्याचे दिवस आले आणि लोक कागदावर स्कारविकमध्ये, प्रत्यक्षात मात्र कुठल्याकुठे राहू लागले. भाड्याच्या खोलीत आपला फोन आणि दिवे लावणारं एक यंत्र ठेवलं, की माणूस तिथेच आहे असं सरकारला वाटायचं. तेव्हा सरकारने कागद सोडले आणि शरीराला विचारायचं ठरवलं. देहनिवास कायदा तो हाच.

त्यामागचं विज्ञान जुनं होतं. पाण्यातला ऑक्सिजन एकाच वजनाचा नसतो. बहुतेक साधा, पण थोडासा जड. समुद्रावरचे ढग उत्तरेकडे सरकतात तेव्हा जड पाणी वाटेतच पाऊस होऊन उतरतं. म्हणून उत्तरेच्या बर्फात जड ऑक्सिजन कमी आणि उष्ण प्रदेशातल्या विहिरीत जास्त. हा फरक जिभेला कळत नाही, यंत्राला कळतो. माणूस जे पाणी पितो, ज्या पाण्यात शिजलेलं अन्न खातो, त्यातला ऑक्सिजन त्याच्या केसांत जाऊन बसतो. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि एकदा वाढलेला भाग पुन्हा बदलत नाही. शिवाय डोक्यावरून घेतलेल्या पाण्यातला स्ट्रॉन्शियम नावाचा धातू केसांत मुरतो, आणि त्याचं प्रमाण जमिनीखालच्या खडकाप्रमाणे बदलतं. थोडक्यात, लांब केस म्हणजे माणूस कोणत्या महिन्यात कुठे होता याची साक्ष. त्या साक्षीवरून आकडा काढत, त्याचं नाव निवासांश. गेल्या तीन वर्षांच्या केसांत निवासांश शंभरपैकी सत्त्याण्णव भरला, तर नागरिकत्व.

उत्पलाचा भरत आला होता. आणि तो भरणं भागच होतं, कारण त्याच वर्षी पुलांची तपासणी कुशल कामांच्या यादीतून वगळली गेली. ते काम आता माशीएवढी यंत्रं करू लागली होती. व्हिसा वाढणार नव्हता. त्याआधी नागरिकत्व मिळालं तरच इथे राहता येणार होतं.

अशात गावाहून सिंधूवहिनीचा फोन आला. सिंधूवहिनी म्हणजे उत्पलाच्या चुलतभावाची बायको. शेजारीच राहायची आणि मायकडे लक्ष द्यायची.

"बाई, माय पडली अंगणात. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जेवतच नाई. सारखी तुह्यं नाव घेते."

उत्पलाने फोन ठेवला तेव्हा सुमेध समोर उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"जा तू," तो म्हणाला. "जायला कायद्याची हरकत नाही. सवलतीच्या परवानगीला मात्र महिने लागतात, तेवढं थांबता येणार नाही. फक्त केसांना कळू द्यायचं नाही."

सुमेध हिशेबी माणूस होता, पण कोरडा नव्हता. त्याने दोन दिवसांत खोकी भरली. स्कारविकच्या नळाचं पाणी पिशव्यांत बंद केलेलं, इथल्याच पाण्यात शिजवून वाळवलेलं जेवण, अंघोळीच्या वेळी डोक्यावर घालायच्या रबरी टोप्या. असं करणारे ते पहिलेच नव्हते. बंदरावर अशा खोक्यांचं वेगळं गोदामच होतं.

"संपत आलं की आणखी पाठवीन," तो म्हणाला. "चहासुद्धा घ्यायचा नाही हं, उत्पला. यशूसाठी."

यशू दारात उभी होती. "तू आजीचं काहीच खाणार नाहीस?" तिने विचारलं. "मग आजीला कळणार कसं की तू आलीस?"



*

माय खाटेवर होती. पंचफुलाबाई डोंगरदिवे, एके काळी वस्तीतली सगळ्यात उंच बाई. आता पांघरुणाखाली कुणी आहे की नाही, असं वाटावं इतकी लहान झालेली. तिने उत्पलाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"किती वाळली वं तू! सिंधू, पाणी दे तिले. विहिरीचं ताजं आण."

"माय, मी आणलंय पाणी."

मायला वाटलं, पोरीचं पोट नाजूक झालं असेल. दुसऱ्या दिवशी तिने पाणी उकळायला लावलं. तेही उत्पलाने घेतलं नाही. वांग्याची भाजी आणि भाकरी समोर आली, तिलाही तिने हात लावला नाही. बाजूला बसून पिशवीतलं जेवण स्कारविकच्या पाण्यात भिजवून खाल्लं. ताट उचलताना सिंधूवहिनीने भांडं जरा जोरात आपटलं.

तेव्हा उत्पलाने सगळं सांगितलं. ढग, जड पाणी, केस, यादीतून गेलेलं काम, यशू. सांगता सांगता तिला ते सगळं वेड्यासारखं वाटू लागलं. माय मात्र शेवटपर्यंत नीट ऐकत होती.

"म्हणजे माह्या पोरीचे कागद तिच्या केसात हायेत," ती शेवटी म्हणाली.

त्या दिवसापासून ती खाटेवरून खोक्यांवर पहारा देऊ लागली. भेटायला आलेली बाई म्हणाली, "घोटभर चहा तरी घे वं," की उत्पलाच्या आधी माय ओरडायची, "तिले नका देऊ! तिच्या पोरीचं नुकसान होते." कुणी हसलं तर हसू द्यायची.

अंगणातली ती विहीर मायच्या सासऱ्याने, किसनजींनी, खोदली होती. गावची विहीर तेव्हा वस्तीला बंद होती. बायका घागरी घेऊन बाजूला उभ्या राहायच्या आणि वरून कुणी ओतलं तर पाणी मिळायचं. किसनजींनी दोन भावांना घेऊन काळा दगड फोडला. दोन उन्हाळे गेले तेव्हा पाणी लागलं. ही गोष्ट उत्पलाने लहानपणी इतक्यांदा ऐकली होती, की ती ऐकू येणंच बंद झालं होतं. आता मात्र बादलीचा आवाज आला की तिचा घसा कोरडा पडायचा. उन्हातून आल्यावर ती पिशवीतलं कोमट पाणी प्यायची आणि सिंधूवहिनीच्या हातातल्या तांब्याकडे बघायची.

सगळ्यात अवघड होते केस. माय पडल्या पडल्या तिची वेणी हातात घ्यायची.

"किती कोरडे झाले. शिकेकाई लावून न्हाऊ घालू का तुले? ... नाई नाई, राहू दे."

असं ती रोज म्हणायची आणि रोज हात मागे घ्यायची.

एका सकाळी ती म्हणाली, "तुह्या गावचं पाणी कसं लागते? दे बरं घोटभर."

उत्पलाने पेल्यात ओतून दिलं. मायने ते तोंडात घोळवलं, डोळे मिटले.

"हलकं लागते."

उत्पला हसली. ऑक्सिजनचा फरक जिभेला कळत नसतो, हे तिने सांगितलं नाही.

"यशू हेच पेते?"

"हेच."

"मग मलेही देत जा रोज. मले तर काई तिकडं येनं होत नाई."

त्यानंतर रोज सकाळी मायलेकी एकेक पेला पाणी पीत. माय विचारायची, यशूची शाळा कुठल्या बाजूला, बर्फात पाय रुततो का, समुद्राचा वास घरात येतो का. उत्पला सांगत राहायची. सांगताना तिला स्कारविकची ओढ लागायची. आणि खिडकीतून अंगणातलं कडुलिंबाचं झाड दिसलं, की आपण इथे असूनही इथे पोहोचलोच नाही, असं वाटायचं.

*

महिनाभरात माय उठेल असं डॉक्टर म्हणाले होते. माय उठली नाही. सुमेधने आणखी खोकी पाठवली. मग मायला ताप येऊ लागला आणि तिचं भान मधूनमधून सुटू लागलं.

त्या दुपारी ताप जरा उतरला होता. माय उशीला टेकून बसली होती. तिने उत्पलाकडे बराच वेळ पाहिलं आणि पदर सावरला.

"कवा आल्या बाई तुम्ही?"

"माय, मी आहे."

"तहसीलातून आल्या असान. बसा ना, उभ्या काऊन?" तिने आत हाक मारली, "सिंधू, बाईले पाणी आण. धुतलेल्या पेल्यात आण."

सिंधूवहिनी पेला घेऊन आली. उत्पलाचा हात सवयीनेच आडवा झाला.

"नको."

माय त्या आडव्या हाताकडे बघत राहिली. चेहऱ्यावर राग आला नाही. फार जुनी, पाठ झालेली गोष्ट पुन्हा समोर यावी तशी ती नुसती मान हलवू लागली.

"राहू दे, सिंधू," ती हळूच म्हणाली. "आमच्या हातचं चालत नसंन त्याइले."

सिंधूवहिनी पेला घेऊन तशीच उभी राहिली. उत्पला उठली. तिने पेला घेतला आणि एका दमात रिकामा केला. पाणी थंड होतं, किंचित मचूळ, तिच्या लहानपणीच्या चवीचं. तिच्या हनुवटीवरून ते ओघळलं.

मायचा चेहरा उजळला. "गोड आहे नं? माह्या सासऱ्यानं खोदली विहीर. अजून घ्या."

"द्या," उत्पला म्हणाली आणि तिने आणखी एक पेला घेतला.

त्या संध्याकाळी तिने भाकरी खाल्ली. दुसऱ्या दिवशी टोपी न घालता न्हायली. केस ओले घेऊन खाटेपाशी आली तेव्हा मायला भान होतं.

"न्हाली काय वं? विहिरीच्या पाण्यानं?"

"हो."

"अन् तुहे कागद?" माय चिडली. "माहं काय, मी आज आहे, उद्या नाई. पोरीचा विचार नाई केला?"

"केला. पाहू काय होतं ते."

माय भिंतीकडे तोंड करून पडली. मग तिने हात लांब केला, वाटीतलं तेल बोटांवर घेतलं आणि म्हणाली, "बस अशी खाली. पाठ इकडे कर."

सुमेधला उत्पलाने फोनवर सांगितलं.

"एखाद्या पेल्याने फरक पडत नाही," तो म्हणाला. "आजपासून पुन्हा..."

"नाही सुमेध. आता मी इथलंच पिणार आहे. ती आहे तोवर."

त्याने फोन बंद केला. दोन दिवस केला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने फक्त विचारलं, "माय कशी आहे?"

माय आणखी दोन महिने होती. त्या दोन महिन्यांत उत्पलाने मायच्या हाताखाली शिकलेली प्रत्येक भाजी सिंधूवहिनीबरोबर करून पाहिली, आणि मायने प्रत्येकीत खोट काढली. शेवटच्या आठवड्यात मायला गिळता येईना. उत्पला ओल्या फडक्याने तिचे ओठ भिजवायची. एका पहाटे ओठ तसेच ओले राहिले.

*

स्कारविकला सुनावणी घेणाऱ्या अधिकारी बाईंचं नाव होतं योहाना लिंड. साठीच्या, शांत, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी पडद्यावरचा आलेख उत्पलाकडे वळवला. केसांची रेघ सपाट चालली होती. टाळूजवळ आल्यावर ती एकदम उंच चढली होती.

"चौऱ्याण्णव," लिंडबाई म्हणाल्या. "तीन कमी. आणि वाट बघायला तुमच्या व्हिसात दिवस नाहीत."

"माझी आई आजारी होती."

"आधी परवानगी घेतली असती तर सवलत होती. नंतर देता येत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काही लोकांना परदेशी बाटलीबंद पाणी आवडतं. त्यानेही रेघ अशी चढते. आईकडे असताना तुम्ही घरचं पाणी, घरचं अन्न घेतलं नाही, बाहेरून आणलेलंच घेतलं, एवढं तुम्ही मला सांगितलंत, तर मी निकाल संदिग्ध म्हणून लिहीन. मग तुम्हाला एक वर्ष मिळेल. केस तोवर वाढतील."

त्यांनी हे दयेने म्हटलं होतं. उत्पलाला ते कळलं. वाक्य सोपं होतं. पहिला महिना तर ते खरंच होतं. तिच्या डोळ्यांपुढे यशू आली, दारात उभी राहिलेली. तिने बोलायला तोंड उघडलं, आणि तिला स्वतःचा आडवा झालेला हात दिसला.

"मी घरी होते," ती म्हणाली. "आमच्या विहिरीचं पाणी प्यायले. आईच्या हातचं."

लिंडबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "ठीक आहे," त्या म्हणाल्या.

बाहेर सुमेध बाकावर बसला होता. तिने सांगितलं.

"एक वाक्य होतं फक्त," तो म्हणाला.

"हो. एकच होतं."

सुमेधचा आणि यशूचा निवासांश पूर्ण भरला होता. अर्ज वेगवेगळे धरले जात, त्यामुळे त्या दोघांना नागरिकत्व मिळालं. सुमेध म्हणाला, "आपण तिघं परत जाऊ." हे तो मनापासून म्हणाला. पण यशू त्या आठवड्यात जेवायची थांबली. मैत्रिणी, शाळेचं गायनपथक, गोठलेल्या तळ्यावर घसरत जायचे तिचे रविवार, हे सगळं तोडून तिला कडुलिंबाखाली नेऊन बसवायचं? कुटुंबाच्या रांगेतून उत्पलाला दोनेक वर्षांत परत येता येईल, असं वकील म्हणाला. तेव्हा तिने एकटीनेच बॅग भरली. विमानतळावर सुमेधने तिला घट्ट धरलं. आता त्याचा राग गेलेला होता, आणि तेच जास्त जड गेलं.

*

दोनाची तीन वर्षं झाली, रांग काही सरकली नाही. उत्पला अकोल्यात राहून पुलांची तपासणी करू लागली. इकडे माशीएवढी यंत्रं अजून पोहोचली नव्हती. रविवारी सावरखुर्दला जायची. रोज संध्याकाळी पडद्यावर यशू भेटायची. तिच्या मराठीतून हळूहळू क्रियापदं गळू लागली होती. एकदा बोलता बोलता यशू मागे वळून सुमेधला काही सांगायला लागली, आणि उत्पलाच्या लक्षात आलं, की त्यातली अर्धी माणसं आपल्याला माहीतच नाहीत.

तिसऱ्या उन्हाळ्यात यशू एकटी आली. बारा वर्षांची, उत्पलाच्या खांद्याला लागलेली. विमानतळावर दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. आधी कुणी जवळ घ्यायचं, हे दोघींनाही कळेना. मग यशूच पुढे झाली.

पहिले काही दिवस ती कूलरसमोरून हलली नाही. सिंधूवहिनीने केलेली ठेचा-भाकर खाऊन तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने पुन्हा मागितलं. एका संध्याकाळी उत्पला तिला पूर्णेवरच्या जुन्या पुलाखाली घेऊन गेली. तिथे तिचं काम चालू होतं. नदी खडकांमधून बारीक वाहत होती. उत्पलाने तिला पोलादावर कान ठेवून वरून जाणाऱ्या ट्रकचा आवाज ऐकायला शिकवलं.

थोड्या वेळाने दोघी खडकावर बसल्या.

"तुला तिकडची आठवण येते?" यशूने विचारलं.

"रोज."

"माझी सोडून. दुसरी कशाची?"

उत्पलाने विचार केला. "सकाळी आपल्या खिडकीखाली बर्फ काढायची गाडी यायची. खरखर आवाज करत. तेव्हा मला तिचा वैताग यायचा."

"ती अजून येते. मला ऐकूच नाही येत, इतकी सवय." यशू पाण्यात खडे टाकत राहिली. "आता गेल्यावर ऐकू येईल. आणि मला कूलरचा आवाज आठवेल. सिंधूमामी बादली सोडते, तो पण." तिने आईकडे पाहिलं. "मग मला आता नेहमी कुठलं तरी आठवतच राहणार?"

नाही म्हणावं, असं उत्पलाला फार वाटलं. या वयात हे ओझं कशाला? मोठी झालीस की जाईल, असं काही तरी सांगता आलं असतं.

"हो," ती म्हणाली. "राहणार."

वरून एक ट्रक गेला, पूल घुमला आणि शांत झाला. मग यशूने हातातला उरलेला खडा नदीत भिरकावला, उठून कपडे झटकले आणि आईला उठवायला हात पुढे केला.

"चालेल," ती म्हणाली.